खळीचा फ्रॉक

२ मे

सौ. विहीणबाई यांस,
स. न. वि. वि.

नमनाला घडाभर तेल घालायची मला सवय नाही, म्हणून सरळ मुद्द्यावर येते. मुलं उद्या सकाळच्या गाडीने त्यांच्या बाबाबरोबर तुमच्याकडे निघतील. वाटेत एक मुक्काम माझ्याकडे झाला आणि तेवढ्यात मी त्यांची बॅग उघडली. उघडायला नको होती. तुमची लेक नोकरी सांभाळून सगळं करते, मी तिची सासू असले तरी तिला बोल लावणार नाही. पण त्या बॅगेतले कपडे मला बघवले नाहीत. लाँड्रीवालीची नातवंडं आणि कॉलरी अशा! मग सगळेच्या सगळे भिजवले, धुतले, दाट खळ घातली आणि कडक इस्त्री केली. काही म्हणून सोडलं नाही. पंडितची पोहायची चड्डीदेखील नाही, ती फारच लुळी पडली होती. भिंगरीच्या फ्रॉकांना खळ जरा जास्तच दाट झाली आहे, पण उन्हाळ्याच्या घामाने कपडा लगेच मान टाकतो, तेव्हा जास्त झालेली बरी.

आता मुलांविषयी. तुम्ही त्यांना आजवर लेकीच्या घरी दोन-चार दिवसच पाहिलंय, म्हणून लिहिते. पंडित नऊ वर्षांचा आहे आणि त्याला सगळं माहीत असतं. तो तुम्हाला तुमचाच समुद्र समजावून सांगेल. ऐकून घ्या, वाद घालू नका. भिंगरी सहाची झाली. घरभर फिरत असते, पण पाणी म्हटलं की जागच्या जागी खांब होते. मागच्या वर्षी पोहण्याच्या तलावात पाय घसरून पडली, तेव्हापासून तिने हाय खाल्ली आहे. डोक्यावरून पाणी घेतलं तरी घर डोक्यावर घेते. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तशी गत. तेव्हा समुद्र तिला लांबून दाखवा. जवळ नेऊ नका.

शेवटचं. इतकी वर्षं मुलांची सगळी सुट्टी माझ्याकडे जायची. तुमच्या दारात समुद्र आणि मुलं लहान, म्हणून सगळ्यांनी तसंच ठरवलं होतं. यंदा अर्धी सुट्टी तुमची, हे मी मान्य केलं आहे. पण सोळा तारखेला मुलं माझ्याकडे यायची, हेही सर्वांदेखत ठरलं आहे. आठवण करून देते एवढंच. अविश्वास नाही.

आपल्यातला लोभ आहे तसाच स्वच्छ राहावा, ही विनंती.

आपली,
विहीण


५ मे

विहीणबाई,
स. न. वि. वि.

मुलं पोचली, बॅग पोचली आणि तुमच्या सूचनाही पोचल्या. तिघांत सूचनाच सगळ्यात जड होत्या.

कपड्यांविषयी काय लिहू! जन्म गेला माझा शिलाई मशीनवर, पण जमिनीवर नुसता ठेवला तर आपला आपण उभा राहणारा फ्रॉक मी पहिल्यांदाच पाहिला. भिंगरी खाली बसते, फ्रॉक काही बसत नाही. तो तिच्या हनुवटीपाशी येऊन थांबतो. आमचे हे लाडाने पंडितला जवळ घ्यायला गेले तर त्याच्या कॉलरने ह्यांचा गाल खरवडला. तेव्हापासून आमच्या घरी मुलांना मिठी मारायची झाली तर आधी ओल्या हाताने कॉलर चेपून घ्यायची पद्धत पडली आहे. राग मानू नका. शिवण कशी धरून राहिली आहे ते पाहून मी मनातल्या मनात तुम्हाला हात जोडले. माझ्या हातचे कपडे तुमच्या लाँड्रीत गेले असते तर माझं नाव झालं असतं.

पंडितविषयी तुम्ही लिहिलंत ते शंभर टक्के खरं. आल्या दिवशीच त्याने ह्यांना भरती-ओहोटी समजावली. ह्यांचा जन्म लाँचवर तिकिटं तपासण्यात गेलाय, पण बिचारे निमूट ऐकत होते. मधे एकदा काही सांगायला तोंड उघडलं तर पंडितने बोट वर करून थांबवलं. आता दोघांची गट्टी जमली आहे. म्हणजे एक बोलतो आणि एक झोपतो.

भिंगरीची मात्र मला चुटपूट लागून राहिली आहे. माझं मशीन पुढच्या खोलीत खिडकीशी असतं आणि खिडकीतून समोरच समुद्र दिसतो. ती दिवसभर माझ्याजवळ बसते, डब्यातली बटणं रंगाप्रमाणे लावून देते, पण समुद्राकडे पाठ करून. लाटांचा आवाज वाढला की मला मशीन जोरात चालवायला सांगते. मी काही शिवायला नसलं तरी चालवते. काल नुसतीच एका चिंधीवर टिपा मारत बसले होते.

तर विचारायचं ते असं. येत्या रविवारी आम्ही दिवसभर समुद्रावर जावं म्हणतो. चटई, छत्री, खायचं-प्यायचं घेऊन, सकाळी जाऊन उन्हं उतरल्यावर परत. न विचारताही नेता आलं असतं, आजी मीही आहे. आणि इतक्या लांबून उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला कळलं तरी कसं असतं? पण तुमच्या पाठीमागे केलेली गोष्ट मला पचणार नाही. तुम्ही हो म्हणालात तरच भिंगरीला नेईन. नाही म्हणालात तर हे आणि पंडित जातील आणि आम्ही दोघी बटणं लावत बसू.

लोभाचा टाका उसवू देऊ नये.

तुमची,
विहीण


८ मे

सौ. विहीणबाई यांस,
स. न. वि. वि.

पत्र पावलं. फ्रॉक उभा राहतो हे वाचून मला समाधान वाटलं, तुम्ही ते चेष्टेने लिहिलं असलं तरी.

तुम्ही विचारलंत याचं बरं वाटलं. न विचारता नेलं असतंत तर मला कळलं असतं. पंडितला पत्रं लिहायची हौस आहे आणि त्याच्या पोटात काही राहत नाही. न्या भिंगरीला. मात्र कोरड्या वाळूत, चटईवर. ओढून पाण्याकडे नेऊ नका. मागच्या वर्षी तलावावरच्या शिक्षकाने असंच धीट करायला म्हणून ओढलं होतं, त्याचंच हे फळ आहे.

आता एक मनातलं लिहिते. लिहू नये असं दोनदा वाटलं, पण तुम्ही सरळ विचारलंत तर मीही सरळ सांगावं. मी समुद्र पाहिलेला नाही. माझ्या लेखी पाणी म्हणजे बादलीतलं, नाही तर टाकीतलं. पण समुद्र काय करतो ते मला ठाऊक आहे. आमच्या समोरच्या दुकानदाराची नातवंडं एकदा समुद्राच्या गावाला जाऊन आली आणि त्यानंतर त्याच्याकडे राहायला म्हणून येईनाशी झाली. इथे काय आहे, असं विचारतात म्हणे. माझ्याकडे तरी काय आहे? पुढे लाँड्री, मागे दोन खोल्या. मुलं दुपारची इस्त्रीच्या टेबलाखाली गार फरशीवर झोपतात, मी वर इस्त्री करते. टेबल हललं की पंडित झोपेतच हूं करतो. हे गेल्यापासून वर्षाचे बाकी सगळे महिने मी शर्टांशी बोलते, विहीणबाई. खोटं नाही. कुणाच्या बाहीवर शाईचा डाग पडला तर त्या बाहीलाच रागावते. घरात माणसांचा आवाज असतो तो याच दिवसांत.

तेव्हा भीती भिंगरीचीच नाही, माझीही आहे. मुलं एकदा समुद्राला सरावली की त्या टेबलाखाली कशाला येतील? तुम्ही काही त्यांना अडवून ठेवाल असं मी म्हणत नाही. समुद्रच ठेवून घेईल. सोळा तारखेला ती येतील ना, एवढंच विचारते आहे.

हे वाचून झालं की पत्र फाडून टाका. मुलांना दाखवू नका.

लोभ आहे, तो वाढत जावा.

आपली,
विहीण


११ मे, रविवार
(समुद्रावरून)

ती. इस्त्रीआजीस,
शि. सा. न. वि. वि.

मी हे कार्ड समुद्रावर बसून लिहीत आहे. आजोबांनी मला कार्ड आणि पेन्सिल दिली, कारण त्यांना झोपायचं होतं. आम्ही सर्व खुशाल आहोत. तुझी तब्येत कशी आहे?

आता बातम्या. समुद्र खारट आहे, मी चाखून खात्री केली. तू चड्डीला घातलेली खळ पाण्यात विरघळते. आधी गिळगिळीत होते आणि मग वाळू चिकटते. मी बाहेर आलो तेव्हा कमरेपासून गुडघ्यापर्यंत वाळूचा झालो होतो. एका माणसाने मला पाहून त्याच्या बायकोला बोलावलं. मशीनआजी इतकी हसली की तिला चटईवर आडवं व्हावं लागलं.

भिंगरी चटईवरच होती. पण मशीनआजी माझ्या किल्ल्यासाठी बादली भरून आणत होती, तिचा पाय किल्ल्याच्या खंदकात गेला आणि सगळी बादली भिंगरीच्या अंगावर पडली. खंदक मीच खणला होता, पण मी सर्वांना सूचना दिली होती. भिंगरी ओरडली नाही. हे विशेष आहे.

आता भिंगरी समुद्रात गेली आहे. मशीनआजी जागच्या जागी उभी आहे आणि आजोबा खुर्चीवरून उठले आहेत. भिंगरी अजून बाहेर आलेली नाही. कार्डावरची जागा संपली, पुढचं पुढच्या कार्डात लिहितो.

तुझा आज्ञाधारक,
पंडित


१२ मे

विहीणबाई,
स. न. वि. वि.

पहिली गोष्ट पहिल्यांदा: सगळे सुखरूप आहेत, आणि घाबरण्यासारखं काही म्हणजे काही घडलेलं नाही. आत्ता कळलं की पंडितने काल समुद्रावरच्या पेटीत कार्ड टाकलं. त्यात काय लिहिलं विचारलं तर म्हणतो, सगळं खरं लिहिलं. दुसरं कार्ड कुठे आहे विचारलं तर ते लिहायचं राहिलं म्हणतो. म्हणून मशीनवरचं काम तसंच टाकून लिहायला बसले.

बादली माझ्याच हातून सांडली, हे कबूल. तुमच्या सांगण्याप्रमाणे भिंगरी कोरड्या वाळूत, चटईच्या मधोमध, सँडल घालून बसली होती. मी तिच्यापासून पाणी लांब ठेवायला म्हणून वळसा घालून येत होते आणि नेमकी त्या वळशातच धडपडले. तिच्या डोक्यावरून पाण्याचा लोट गेला. मी डोळे मिटून घेतले आणि किंकाळीची वाट बघत राहिले. किंकाळी आली नाही. उघडले तर पोरगी स्वतःच्या फ्रॉककडे बघत होती.

तुमच्या खळीने तोवर आपलं काम सुरू केलं होतं. फ्रॉक आधी मऊ पडला, मग चिकट झाला. रडावं म्हणून ती वाळूत बसली आणि रडायचं राहून उठली, तर पुढून-मागून पिठात घोळल्यासारखी. मी टॉवेलने पुसायला गेले तर वाळू निघेना, उलट टॉवेलच तिला चिकटला. आणि तेव्हा तिने चेहरा केला. विहीणबाई, तो तुमचा चेहरा होता. लेकीच्या लग्नात माझ्या भावाने तुमच्या शुभ्र कपड्यांवर चटणी सांडली तेव्हा तुम्ही जो केला होतात, हुबेहूब तोच. फ्रॉकचा काठ दोन बोटांत धरून मला म्हणते की असं चोळायचं नसतं. चोळलं की डाग आत जातो. भरपूर पाण्यात खळबळून काढायचं असतं, इस्त्रीआजी तसंच करते. आणि मग विचारते की इथे भरपूर पाणी कुठे आहे.

माझी, ह्यांची, पंडितची, तिघांच्याही माना आपोआप एकाच दिशेला वळल्या. तिनेही पाहिलं. बराच वेळ पाहत होती. मग सँडल काढल्या, जोडीने चटईच्या कडेला लावून ठेवल्या आणि चालायला लागली. मी दिलेला शब्द पाळला, बरं का. ढकललं नाही, ओढलं नाही, हाकही मारली नाही. नुसती मागे-मागे गेले. काठाशी ती थांबली. एक बारकी लाट आली तशी मागे सरली. दुसरी आली तेव्हा खाली वाकून फ्रॉकचा काठ तेवढा बुडवला. वाळू गेली. तिने काठ वर करून बघितला, मला दाखवला आणि सरळ पाण्यात बसकण मारली.

मी रडत होते की हसत होते ते हे सांगतील, मला ठाऊक नाही.

पुढची गंमत ऐका. तिला सगळ्यात नवल वाटलं ते याचं की इथे बादली उचलावी लागत नाही. तुम्ही तिकडे पाणी ओतता, बदलता, पुन्हा ओतता. इथे पाणी आपण होऊन येतं, घाण घेऊन जातं आणि पुन्हा ताजं येतं. इतका शहाणा मदतनीस इस्त्रीआजीला आजवर कुणी का दिला नाही, असं तिने मला विचारलं. फ्रॉक झाल्यावर तिने पंडितला समोर उभा करून त्याची चड्डी खळबळली, तो त्यात असतानाच. मग माझा टॉवेल, मग ह्यांची टोपी. ती ह्यांना आता बसत नाही. मग काय, दुकानच लागलं! आइस्क्रीमवाल्याने गंमत म्हणून हात पुसायचं फडकं पुढे केलं, तर तिने ते धुऊन, पिळून, वर पुन्हा असं मळवायचं नाही म्हणून दम देऊन परत केलं. एका अनोळखी म्हातारबुवांनी रुमाल दिला. प्रत्येकाला सांगत होती की माझ्या आजीची लाँड्री आहे, आमच्याकडे डाग राहत नाही.

एक कबूल करून टाकते. मला थोडंसं टोचलं. समुद्र माझा, चटई माझी, पडले मी, आणि दिवसभर त्या काठावर नाव गाजलं ते तुमचं. तुम्ही मला इतकं मोकळं लिहिलंत आणि ते वाचून माझं मन उगीच जड झालं होतं. आता म्हणते, कुणाची भीती बाळगायची तर ती मी तुमची बाळगायला हवी. समुद्राच्या काठी राहून माझ्याकडून जे आठ दिवसांत झालं नाही, ते तुमच्या दाट खळीने एका बादलीत केलं.

संध्याकाळी दोघांनाही उन्हाने लाल केलं होतं. घरी येताना भिंगरी ह्यांच्या खांद्यावर झोपली आणि पंडित वाटभर मला लाटा कशा तयार होतात ते सांगत आला. मी एक शब्द ऐकला नाही, पण हूं म्हणत होते. फार चांगला दिवस गेला. असा दिवस आयुष्यात रोज मिळत नाही, आणि तुम्ही त्यात नव्हतात याची खंत वाटली, म्हणून एवढं लांबवून लिहिलं.

सोळाची मला आठवण आहे. हे स्वतः मुलांना घेऊन येतील.

माया आहे तशी असू द्या. कमी पडली तर मी माझ्याकडचं ठिगळ लावीन.

तुमची,
विहीण


१४ मे

सौ. विहीणबाई यांस,
स. न. वि. वि.

पंडितचं कार्ड आज मिळालं. भिंगरी समुद्रात गेली आणि बाहेर आलेली नाही, एवढं लिहून त्याची जागा संपली. पुढचं कार्ड नाही. तुमचं पत्र नाही. वाईट काही असतं तर कुणी तरी धावत आलं असतं हे मला समजतं, मी काही अगदीच खुळी नाही. पण समजणं वेगळं आणि घास घशाखाली उतरणं वेगळं.

मी उद्या सकाळच्या गाडीने निघते आहे. लाँड्रीला पाटी लावली. मुलांना बरोबर घेऊनच येईन, सोळा तारखेसाठी तुमच्या ह्यांना हेलपाटा नको. बोलायचं ते समक्ष बोलू, आणि मला बरंच बोलायचं आहे.

न कळवता विहिणीच्या दारात उभं राहणं माझ्या रीतीत बसत नाही, म्हणून हे पत्र. ते माझ्या मागून पोचलं तर त्याला माझा इलाज नाही.

लोभाविषयी भेटीअंती.

आपली,
विहीण


१७ मे

चि. बाळ आणि चि. सूनबाई यांस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्रावरचा पत्ता बघून दचकू नका. मी तुझ्या सासुरवाडीला आहे आणि मुलं खुशाल आहेत. पंडितच्या एका कार्डापायी मी परवा धावत इकडे आले. काय घडलं होतं ते विहीणबाईंनी मला सविस्तर लिहिलं होतं म्हणे; ते पत्र आपल्या बंद लाँड्रीच्या दाराखाली पडलेलं असणार. त्यामुळे गाडीत बसल्यापासून उतरेपर्यंत मी विहीणबाईंना काय काय सुनवायचं ते घोकत होते. चांगलं तोंडपाठ झालं होतं.

घराला कुलूप. शेजारणीने समुद्राकडे बोट दाखवलं. मी बॅग घेऊन तशीच गल्लीतून गेले, गल्ली संपली आणि समोर समुद्र. बाळ, तुम्ही सगळे मला इतकी वर्षं सांगत होतात, पण एवढा असतो असं कोणी सांगितलं नव्हतं. घोकलेलं सगळं विसरले. दूर पाण्यात एक पोर बसलेलं दिसलं. लाट छातीपर्यंत येत होती आणि ते खिदळत होतं. मी मनाशी म्हटलं, कुणाचं बाई इतकं धीट लेकरू. आणि मग ते वळलं, तर आपली भिंगरी.

तिने मला पाहिलं आणि धावत आली. मिठी मारेल म्हणून मी हात पसरले, तर मिठी नाही; आधी चपला काढ म्हणाली. मग हाताला धरून ओढतच नेलं. मी नको-नको म्हणत होते, आता काय सांगू, मला खरोखर भीती वाटत होती. पायाखालची वाळू सरकली तेव्हा मी तिचा हात इतका घट्ट धरला की तिने मला समजावलं: घाबरायचं नसतं, पाणी येतं ते फक्त मळ न्यायला. कुठून शिकली कोण जाणे. मी प्रवासाचे खळीचे कपडे घालून होते, त्यांचं पुढे काय झालं ते तुझा मुलगा तुला कार्डावर लिहील. विहीणबाई लांबून बघत उभ्या होत्या. त्यांना हसू आवरेना, मलाही आवरेना, आणि शेवटी आम्ही दोघी विहिणी ओल्या वाळूत बसून पोरींसारख्या हसत होतो. इतकी मी तुझे वडील गेल्यापासून हसले नव्हते.

घरी आलो तर दाराशी मुलांची बॅग, पट्टे आवळून ठेवलेली. मला वाटलं, मी येणार हे कळलं असेल. पण माझं पत्र तर अजून पोचलंच नव्हतं. पंडितने सांगितलं की उद्या सोळा तारीख, इस्त्रीआजीकडे जायचं ठरलं आहे, म्हणून त्यांनी सकाळीच भरून ठेवली. घड्या भिंगरीने घातल्या होत्या. वाकड्या, पण घड्याच. विहीणबाई मला बाजूला घेऊन सांगू लागल्या की त्या दोन दिवस मुलांची मनधरणी करत होत्या, आणखी चार दिवस राहा म्हणून. मुलं ऐकेनात. आजी वाट बघत असेल, हेच एक.

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. तुला कधी सांगितलं नाही, पण सुट्टी लागल्यापासून माझ्या मनात एकच घर करून होतं की ही मुलं आता माझ्याकडे यायची नाहीत. कुणी समुद्र सोडून लाँड्रीत का यावं? आणि इथे त्यांनी माझ्यासाठी समुद्र सोडून बॅग भरून ठेवली होती.

काल सकाळची गाडी होती. मुलं चपला घालून तयार, तुझे सासरे बॅग उचलायला वाकले, आणि मी खिडकीशी उभी. भरती होती. मला कुणी राहा म्हटलं नव्हतं, मीही कुणाला विचारलं नाही. बॅगेचे पट्टे सोडले आणि एकेक कपडा काढून विहीणबाईंच्या कपाटात लावायला लागले. त्यांनी लगेच खालचा कप्पा रिकामा करून दिला. पंडितने विचारलं की मग ठरल्याचं काय. भिंगरी तोवर दाराबाहेर पोचली होती.

तर शाळा उघडेपर्यंत आम्ही तिघं इथेच आहोत. शेजारच्या घड्याळवाल्याला पाटी बदलायचं मी वेगळं लिहिलं आहे. पुढच्या वर्षी अर्ध्या सुट्टीत विहीणबाई आणि व्याही मुलांबरोबर आपल्याकडे राहायला येणार आहेत, असं माझं मीच ठरवून टाकलं. त्यांनी अजून नाही म्हटलेलं नाही. आता तू म्हणशील, सर्वांदेखत सोळा तारीख ठरली होती, त्याचं काय झालं. मुलांना काही बोलू नकोस. त्यांनी शब्द पाळला होता. मोडला तो मी.

दोघांना आशीर्वाद. माया असू द्या, आणि जमलं तर रविवारी तुम्हीही या.

तुझी,
आई